वाट पाहण्यातली मशागत

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिक, सांगली, सोलापूरकडून बाजारात येणारा द्राक्षाचा घड त्या हिवाळ्यात तयार झालेला नसतो. त्याचा जन्म आदल्या उन्हाळ्यात झालेला असतो. एप्रिलच्या सुमारास बागायतदार वेलीची खरड छाटणी करतो. फळ देऊन थकलेल्या काड्या जवळजवळ बुडापासून कापल्या जातात आणि भर उन्हात बाग बोडकी दिसू लागते. मग नव्या फुटी येतात. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, म्हणजे मे-जूनमध्ये, त्या कोवळ्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत घडाचे सूक्ष्म रूप आकार घेऊ लागते. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. त्या दिवसांत पानांवर भरपूर ऊन पडले, पाणी आणि नत्र हात राखून दिले, तर डोळ्यात घड धरतो. ढगाळ हवा राहिली, पाऊस लांबला किंवा नत्र जास्त झाले, तर वेल नुसती वाढत राहते आणि घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता ताणा, निघते. पुढे ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी होते, डोळे फुटतात, आणि उन्हाळ्यात जे आत लिहिले गेले होते ते बाहेर येते. तेव्हा कितीही महागडे खत घातले, तरी ज्या डोळ्यात घड नाही त्यातून तो काढता येत नाही. म्हणून जाणते बागायतदार गोडी छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची, हे त्या तपासणीवर ठरते.

संयमाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात या उन्हाळ्याला जागा नसते. धीर धर, वेळ आली की होईल, फळाची घाई करू नकोस, असे आपण मुलांना सांगतो, नोकरीसाठी ताटकळलेल्या तरुणांना सांगतो, आणि दाखला हटकून झाडाचा देतो. पण झाड नुसते थांबलेले कधीच नसते. त्याच्या थांबण्याच्या काळात साठा होतो, मूळ खोल जाते, डोळा भरतो, आणि जे अजून दिसायचे आहे त्याची रचना आधीच पुरी होते. झाडाकडून शिकायचे तर ही तयारी शिकायला हवी. तयारी वजा करून उरलेला संयम म्हणजे निव्वळ उशीर. वृक्षलागवडीत आणि शिक्षणात आपण नेमकी हीच वजाबाकी करत आलो आहोत. लावण्याचा दिवस साजरा करायचा, फळाच्या दिवसाची वाट पाहायची आणि मधला आणि आधीचा सगळा काळ कुणाच्याच नावावर नाही, अशी आपली रीत झाली आहे.

बियांपासून सुरुवात करू. बहाव्याची किंवा बाभळीची बी नुसती ओल्या मातीत टाकली तर बहुतेक दाणे कित्येक महिने हलत नाहीत. त्यांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. रोपवाटिकेत म्हणूनच त्यांच्यावर उकळते पाणी ओतून ती रात्रभर भिजत ठेवतात किंवा कवच घासून पातळ करतात. रानात हे काम ऊन, पाऊस, माती आणि जनावरांचे पोट करते, आणि त्याला वेळ लागतो. वाळवंटातल्या काही वनस्पतींची तऱ्हा याहून नेमकी आहे. त्यांच्या बियांत अंकुर रोखून धरणारी रसायने असतात. चार शिंतोडे पडले तर ती धुतली जात नाहीत आणि बी तशीच राहते. रोपाला जगता येईल एवढा पाऊस झाला की ती धुऊन निघतात आणि बी रुजते. म्हणजे ती बी पाऊस मोजते. शिवाय एकाच झाडाच्या सगळ्या बिया एकाच वर्षी रुजत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही नंतर. यंदाचा पाऊस मध्येच दडी मारून बसला तरी वंश बुडत नाही. आपल्या कृषी खात्याचा सल्लाही बियांच्या याच हिशेबाशी जुळतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरून मग तीन आठवडे आभाळाकडे डोळे लावणाऱ्या शिवारात दुबार पेरणीचे संकट येते, ते या मापाकडे दुर्लक्ष झाल्याने. तिथे शेतकऱ्याला उपदेश करून भागत नाही. आपल्या गावात नेमका किती पाऊस पडला हे त्याला कळायला हवे, जमिनीत ओल किती खोल गेली हे पाहण्याची सवय हवी, आणि पेरणी दहा दिवस लांबली तर चालेल असे कमी मुदतीचे वाण घरात तयार हवे. धीर हा असा सामानासकट येतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. सगळ्याच बिया थांबत नाहीत. जांभूळ, फणस, आंबा यांच्या बिया सुकल्या की मरतात. कडुनिंबाची निंबोळीही फार काळ टिकत नाही. ती पडल्यापासून काही आठवड्यांत पेरली तर उगवते, पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवली तर बहुतेक वाया जाते. यांच्या बाबतीत सबुरीचा सल्ला घातक आहे. जूनमध्ये जांभळे खाल्ली की बी त्याच आठवड्यात मातीत गेली पाहिजे, आणि त्यासाठी माती, पिशव्या, सावली ही सोय मेमध्येच झालेली पाहिजे. घाई आणि संयम यांतला झगडा तयारी झालेली असली की आपोआप मिटतो. ज्याने माती आधी कालवून ठेवली आहे, त्याला एका आठवड्यात काम उरकता येते आणि तरीही त्याची धांदल होत नाही.

मुळांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पळसासारख्या रानातल्या झाडांची कोवळी रोपे अनेकदा उन्हाळ्यात वाळून किंवा वणव्यात जळून वरून नाहीशी होतात आणि पावसात पुन्हा फुटतात. वरवर पाहणाऱ्याला रोप दर वर्षी तेवढेच दिसते. जमिनीखाली मात्र मूळ दर वर्षी जाड आणि खोल होत असते, आणि एका वर्षी त्या मुळात इतकी ताकद साठते की नवा कोंब उन्हाच्या आणि गुरांच्या तडाख्यातून वर निघून जातो. सागाच्या लागवडीत वनखाते हीच गोष्ट हाताने करते. रोपवाटिकेतले सुमारे वर्षाचे रोप उपटून त्याचे खोड बोटभर ठेवून छाटतात, मुळाचा वीतभर लांबीचा जाड भाग राखतात आणि तो तुकडा, ज्याला स्टंप म्हणतात, पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचतात. पान नाही, फांदी नाही, फक्त साठा असलेले मूळ. त्यातून साग उभा राहतो. वर्षभराच्या वाढीतले टिकाऊ धन कुठे असते, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारी कृती मला ठाऊक नाही.

आता हे ज्ञान असलेल्या राज्यात वृक्षलागवड कशी होते ते पाहू. महाराष्ट्रात 1 जुलै 2016 रोजी एका दिवसात 2 कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी लक्ष्य 4 कोटींचे, 2018 मध्ये 13 कोटींचे आणि 2019 मध्ये 33 कोटींचे होते. या मोहिमांनी झाड हा विषय घराघरांत नेला, शाळा-महाविद्यालये, ग्रामपंचायती, पोलीस ठाणी, बँका यांना त्यात ओढले. हे काम लहान नव्हते, आणि हेतूवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. प्रश्न मोजमापाचा आहे. आकडा लावलेल्या रोपांचा जाहीर होतो, लावण्याच्या दिवशी जाहीर होतो, आणि तोच आकडा लोकांच्या लक्षात राहतो. नंतर किती जगली यावर वाद झाले, विधिमंडळापर्यंत चौकशीची मागणी गेली. तो वाद राजकीय अंगाने लढला गेला, त्यामुळे त्यातला साधा बागकामाचा मुद्दा बाजूला पडला. रोप जुलैत लावायचे तर खड्डा एप्रिल-मेमध्ये खणावा लागतो, म्हणजे माती उन्हात तापून तिच्यातली कीड मरते. आंब्याच्या कलमाला एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो. रानातल्या रोपाला त्याच्या निम्माही पुरतो. पावसाआधी तो पालापाचोळा, शेणखत आणि चांगल्या मातीने भरून ठेवावा लागतो. रोप पिशवीत किती काळ राहिले हे पाहावे लागते, कारण वेळेत न हलवलेल्या रोपाची मुळे पिशवीतच गोल फिरत राहतात आणि जमिनीत गेल्यावरही तो विळखा सुटत नाही. लावण्याआधी महिनाभर त्याला सावलीतून उन्हात आणून, पाणी कमी करून कणखर करावे लागते. यातली एकही गोष्ट 1 जुलैला करता येत नाही.

वनखात्याला हे माहीत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या स्वतःच्या रोपवनांच्या अंदाजपत्रकात पूर्वपावसाळी कामे असा वेगळा टप्पा असतो, आणि लागवडीनंतरच्या वर्षांची निंदणी, भर घालणे, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे यांचीही तरतूद असते. अडचण येते ती मोहीम खात्याच्या बाहेर गेल्यावर. ज्या कार्यालयाने, मंडळाने किंवा शाळेने जूनच्या अखेरीस रोपे मागवली, त्यांच्याकडे ना मेमधला खड्डा असतो, ना पुढच्या मेमधले पाणी. त्यांची रोपे मरतात तेव्हा लोकांना वाटते, झाडे लावणे हाच एक देखावा आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, पण लोकांना तो काढायला आपणच लावतो.

याच राज्याने उलट पद्धतीही वापरून दाखवली आहे. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि कोकणातला आंबा-काजू, मराठवाड्यातली मोसंबी, सोलापूरकडचे डाळिंब आणि बोर यांच्या विस्तारात त्याचा मोठा हात आहे. खड्डे खणण्यापासूनच्या कामाला त्यात मजुरी होती. पुढे 2018 मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागले आहे: पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30 आणि तिसऱ्या वर्षी 20. पुढचे हप्ते झाडे ठरलेल्या प्रमाणात जिवंत असतील तरच मिळतात. पैसा झाडाच्या वेळापत्रकाने चालतो, म्हणून माणूसही त्या वेळापत्रकाने चालतो. शेतकऱ्याचा स्वभाव कार्यालयातल्या बाबूच्या स्वभावापेक्षा अधिक संयमी असतो असे काही नाही. त्याच्यापुढे ठेवलेले माप वेगळे आहे एवढेच. सार्वजनिक वृक्षलागवडीलाही हेच माप लावता येईल. अभियानाचा आकडा लावलेल्या रोपांचा न देता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांचा द्यावा. तो आकडा बराच लहान असेल. तो खरा असेल, आणि त्यातून पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते कळेल.

शाळांच्या बाबतीत गफलत अधिक खोल आहे. पोषण आहार योजनेत शाळांच्या परसबागांना प्रोत्साहन दिले जाते, अनेक जिल्हा परिषद शाळांनी मेथी, पालक, दोडका, शेवगा लावून त्या बागा खरोखर फुलवल्या आहेत, आणि तिथल्या शिक्षकांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि मेमध्ये शाळा बंद असते. बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तयारीचा सगळा काळ सुट्टीत जातो. खड्डा, खत, बी गोळा करणे, जमीन तापवणे हे मुलाला दिसतच नाही. ते शाळेत येते तेव्हा पाऊस पडलेला असतो, कुणीतरी रोपे आणलेली असतात आणि त्याच्या हातात एक रोप देऊन फोटो काढला जातो. झाड म्हणजे एका दिवसात हातात येणारी आणि मग आपोआप वाढणारी वस्तू, हा धडा त्याला मिळतो. हे बदलायला नवा विषय किंवा नवे पाठ्यपुस्तक नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांनी बहाव्याच्या, शिरीषाच्या शेंगा गोळा कराव्यात, बी वेगळी करून नावे लिहून ठेवावी. वार्षिक परीक्षेआधी ज्या वर्गाला झाड लावायचे आहे त्या वर्गाने आपला खड्डा खणावा. शाळा सुटताना तो उघडा असावा आणि शाळा भरताना मुलांनीच भरावा. आणि दुसरीत लावलेल्या झाडाची नोंद त्याच मुलाने पाचवीत करावी. उंची, बुंध्याचा घेर, किती वेळा गुरांनी खाल्ले, कुठल्या महिन्यात नवी पालवी आली. तीन वर्षे चालणारी अशी वही ज्या मुलाने ठेवली, त्याला संयमावर निबंध लिहायला सांगण्याची गरज उरणार नाही.

यावर एक मूलभूत आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. झाडाला मन नाही, इच्छा नाही, ते काही ठरवत नाही. मग त्याच्याकडून गुण कसले शिकायचे? निसर्गातून नीती काढायची म्हटली तर बांडगुळाकडून दुसऱ्यावर जगणे आणि घाणेरीकडून शेजाऱ्याची जमीन बळकावणेही शिकता येईल. हे बरोबर आहे. वनस्पती सद्गुणी असतात असा माझा दावा नाही. कडुनिंबाची बी उतावीळ नाही आणि बहाव्याची शहाणी नाही; ज्या परिस्थितीत ज्या पद्धतीने वंश टिकला ती पद्धत उरली, एवढेच. पण बाग राखणाऱ्या माणसाला झाडाकडून दुसरी एक गोष्ट मिळते, आणि तिला नीतीचा आधार लागत नाही. झाडाला रागावता येत नाही, भुरळ घालता येत नाही, वशिला लावता येत नाही. परिणाम आणि कारण यांच्यातले अंतर ते काही महिन्यांचे किंवा वर्षांचे ठेवते आणि त्या अंतरात सवलत देत नाही. मेमध्ये केलेली चूक ऑक्टोबरात दिसते हे द्राक्षबागायतदाराला एकदा कळले की तो मेमध्ये वेगळा वागतो. दूरच्या परिणामासाठी आज काम करण्याची सवय अशी अनुभवातूनच लागते, आणि माणसांच्या जगात हा अनुभव मिळणे दिवसेंदिवस अवघड होते आहे, कारण तिथे परिणाम झाकता येतो, पुढे ढकलता येतो किंवा दुसऱ्याच्या माथी मारता येतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. कलमाने आंब्याची फळे निम्म्या वेळात येतात, पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक दिल्यावर हापूसला दर वर्षी आणि लवकर मोहोर येतो, मियावाकी पद्धतीने शहरात दोन-तीन वर्षांत दाट झाडी उभी राहते. मग वाट पाहण्याचे एवढे कौतुक कशाला? वाट पाहण्याचे कौतुक मी करतच नाही. वेळ वाचत असेल तर जरूर वाचवावा. पण वाचलेल्या वेळाची किंमत कुठे मोजली गेली हे पाहिले की प्रत्येक ठिकाणी ती तयारीत मोजलेली दिसते. कोकणात रूढ असलेले कोय कलम घ्या. त्यासाठी ताज्या कोयी रुजवून कोवळे खुंटरोप हाताशी ठेवावे लागते, आणि मातृवृक्षावरची जी काडी वापरायची तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटावी लागतात, म्हणजे तिचे डोळे फुगून तयार होतात. ही आठ दिवसांची पूर्वतयारी चुकली की कलम मरते. कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येऊ शकतो, आणि जाणकार बागायतदार पहिली तीन-चार वर्षे तो खुडून टाकतो. फळ येत असताना ते नाकारण्याचा हा निर्णय सोपा नसतो. सहावीतल्या मुलाला प्रवेशपरीक्षेच्या फाउंडेशन वर्गात घालणाऱ्या पालकांनी या खुडण्यावर थोडा विचार करावा, असे मला वाटते. पॅक्लोब्युट्राझोलची शिफारसही सशक्त, पूर्ण वाढलेल्या झाडासाठी आणि खताची पुरेशी मात्रा देण्याच्या अटीवर आहे. अशक्त झाडाला ते देत राहिले की झाड खंगते. मियावाकी वनात तर लागवडीआधी जमीन खोल उकरून तिच्यात भरपूर सेंद्रिय खत आणि भुसा मिसळतात, आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी आणि निंदणी सोडत नाहीत. वेग हवा असेल तर तयारी अधिक लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माणसांच्या पोटाशी निगडित आहे. संयम परवडावा लागतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला शेतकरी पाच वर्षांनी फळ देणारी बाग कशी लावणार? घरची जमीन विकून पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाला, भरतीची जाहिरातच निघत नसताना, धीर धर म्हणणे कोणत्या तोंडाने? हा आक्षेप झाडांच्या बाजूनेच उत्तम मांडता येतो. जी बी थांबू शकते तिच्याजवळ शिदोरी असते. नारळाचे रोप सुरुवातीचे कित्येक महिने आतल्या खोबऱ्यावर काढते. वालाच्या दाण्यात दोन जाड दले भरून अन्न असते. याउलट सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीसारख्या ऑर्किडची बी धुळीएवढी असते आणि तिच्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. रानात तिला योग्य बुरशीची सोबत मिळाली, त्या बुरशीकडून अन्न मिळाले, तरच ती रुजते. नाही मिळाली तर ती कितीही थांबली तरी काही होत नाही. संयम हा शिदोरीचा प्रश्न आहे, आणि ज्याच्याजवळ शिदोरी नाही त्याला ती कुणीतरी पुरवावी लागते. फळबागेला तीन वर्षे अनुदान आणि त्या काळात आंतरपीक घेण्याची मुभा ही अशी शिदोरी आहे. तरुणांच्या बाबतीत वेळेवर निघणारी जाहिरात, ठरलेल्या तारखेला लागणारा निकाल, आणि तयारीच्या काळात शिकलेले दुसरीकडेही उपयोगी पडेल असा अभ्यासक्रम ही शिदोरी आहे. द्राक्षाच्या एका डोळ्यात एक नाही, तीन कोंब असतात. मुख्य कोंब मेला तर दुसरा फुटतो. पाच-पाच वर्षे एकाच परीक्षेच्या दाराशी उभ्या राहिलेल्या तरुणाजवळ दुसरा कोंब नाही, हा त्याच्या स्वभावाचा दोष मानू नये. त्याला असा डोळाच मिळालेला नाही. ज्यांनी ही व्यवस्था द्यायची त्यांनी ती न देता संयमाचे धडे देणे, हे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक शंका हल्ली रास्तपणे विचारली जाते. ऋतूच बेभरवशाचे झाले, मग तयारी कशाची आणि कोणत्या तारखेची करायची? मोसमी पाऊस 2023 मध्ये मुंबईत 25 जूनला पोहोचला आणि 2025 मध्ये 26 मे रोजी. नेहमीची तारीख 11 जून. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक पडला, तर रोहिणीचे आणि मृगाचे जुने आडाखे कसे चालतील? ते चालणार नाहीत, हे मान्य करावे लागेल. मेमध्ये पाऊस आला तर द्राक्षाच्या सूक्ष्म घडनिर्मितीलाच धक्का बसतो आणि त्यावर बागायतदाराच्या हातात फारसे काही नसते. पण 26 मे रोजी पाऊस आला त्या वर्षी ज्याचे खड्डे एप्रिलमध्ये तयार होते त्याला दोन आठवडे जास्तीचे मिळाले, आणि जो जूनची वाट पाहत होता त्याच्यासमोर चिखल उरला. तारीख जितकी अनिश्चित, तितकी तयारी आधी व्हायला हवी, आणि एकाच तारखेवर, एकाच वाणावर, एकाच पेरणीवर सगळा भार टाकणे तितके धोक्याचे. काही बिया यंदासाठी आणि काही पुढच्या वर्षासाठी राखणारी वनस्पती लहरी हवामानातच घडलेली आहे. स्थिर हवामानाचा आधार तिला कधी नव्हताच.

म्हणून मागणी मोठी नाही. या वर्षीच्या लागवडीसाठी रोपे मागवणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने, गृहनिर्माण संस्थेने आणि कार्यालयाने मे संपण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: खड्डे कोणत्या तारखेला खणले, रोप किती महिन्यांचे आहे, आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचे नाव. सामाजिक वनीकरण विभागाने हा कागद पाहूनच रोपे द्यावीत. जिथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, तिथे यंदा झाड लावू नये. त्याऐवजी खड्डा खणून, मुलांना बी गोळा करायला लावून, पुढच्या जुलैची तयारी आजपासून सुरू करावी.